ठेवी बुडाल्या, गुन्हा दाखल झाला. आता तपासाचा खर्च कोण करतं आणि तुमचे पैसे कुठून येणार?

नेकनूर (ता. बीड) : मल्टीस्टेटमध्ये पैसे अडकलेल्या माणसाचा पहिला प्रश्न एकच असतो, ‘माझे पैसे कधी मिळणार?’ दुसरा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. एवढा मोठा घोटाळा शोधायला, मालमत्ता जप्त करायला, वर्षानुवर्षं कोर्टात केस लढायला पैसा लागतो. तो कोण देतं? सरकार देतं, की ठेवीदारांनी वर्गणी काढायची?

हा प्रश्न वाटतो तेवढा लांबचा नाही. याचं उत्तर माहीत नसल्यामुळेच ‘फाईल पुढे ढकलायला खर्च येतो’ असं सांगून ठेवीदारांकडून परत पैसे उकळणारे लोक गावोगाव फिरतात. म्हणून ही माहिती एकदा नीट वाचा, जपून ठेवा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही वाचून दाखवा.

आधी प्रकरण थोडक्यात

बीडकरांना ज्ञानराधा मल्टीस्टेट को-ऑपरेटिव्ह क्रेडिट सोसायटी हे नाव नव्याने सांगायला नको. ऑक्टोबर २०२३ मध्ये प्राप्तिकर विभागाने कुटे उद्योगसमूहावर छापे टाकले. बातमी पसरली, ठेवीदारांनी पैसे काढायला गर्दी केली आणि शाखांमधून पैसे मिळणं बंद झालं. मे २०२४ पासून वेगवेगळ्या जिल्ह्यांत गुन्हे दाखल झाले. जून २०२४ मध्ये संस्थेचे अध्यक्ष सुरेश कुटे यांना पोलिसांनी अटक केली. जानेवारी २०२५ मध्ये ईडीनेही त्यांना अटक केली.

ईडीच्या म्हणण्यानुसार चार लाखांहून जास्त ठेवीदारांचे सुमारे ३,७०० कोटी रुपये यात अडकले आहेत. त्यातले दोन हजार कोटींहून जास्त रुपये कर्जाच्या नावाखाली समूहाच्याच कंपन्यांकडे वळवले, असा ईडीचा आरोप आहे. ईडीने टप्प्याटप्प्याने सुमारे १,६२१ कोटींच्या मालमत्तांवर तात्पुरती टाच आणल्याचं जाहीर केलं. हे सगळे आरोप आहेत, त्यावर निकाल देण्याचं काम कोर्टाचं आहे.

जिल्ह्यात अडकलेली संस्था ही एकटीच नाही. जिजाऊ माँसाहेब मल्टीस्टेटसह इतरही संस्थांचे ठेवीदार अजून हेलपाटे मारतायत. ऊसतोडीची उचल, कापसाचे पैसे, लेकीच्या लग्नाची पुंजी, निवृत्तीची रक्कम, असा घामाचा पैसा या ठेवींत आहे.

दोन वेगळे पैसे, दोन वेगळे खिसे

सगळा गोंधळ इथेच होतो. या प्रकरणांत दोन प्रकारचा पैसा असतो.

पहिला पैसा तपासाचा. पोलिसांचा पगार, गाड्या, हिशेब तपासणारे ऑडिटर, सरकारी वकील, कोर्ट, हा सगळा खर्च सरकारी तिजोरीतून होतो. ही तिजोरी आपल्या करांतून भरते. तुम्ही मोबाईलचा रिचार्ज मारता, खत घेता, गाडीत डिझेल टाकता, तेव्हा त्यात तुमचा वाटा जातोच. त्यामुळे फिर्याद द्यायला, जबाब नोंदवायला किंवा केस चालवायला ठेवीदाराने वेगळा एक रुपयाही द्यायचा नसतो.

दुसरा पैसा परतफेडीचा. तो सरकारी तिजोरीतून येत नाही. संस्थेच्या, संचालकांच्या किंवा ज्यांच्याकडे पैसा वळवला त्यांच्या मालमत्ता जप्त होतात, कोर्टाच्या परवानगीने विकल्या जातात आणि त्यातून आलेली रक्कम ठेवीदारांत वाटली जाते. म्हणजे जेवढी मालमत्ता सापडेल आणि जेवढ्याला विकली जाईल, तेवढीच रक्कम वाटायला मिळते.

इथे आणखी एक गैरसमज आहे. बँकेतल्या ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत विमा असतो. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून १ लाखावरून ५ लाख झाली. पण तो विमा बँकांना आहे. पतसंस्था आणि मल्टीस्टेट क्रेडिट सोसायटीला तो लागू नाही. पाटीवर ‘मल्टीस्टेट’ लिहिलं, आत काचेचं काउंटर आणि एसी असला, तरी ती बँक होत नाही.

तपास कोण करतं, त्यांना पैसा कोण देतं?

जिल्हा पोलीस आणि आर्थिक गुन्हे शाखा : ही शाखा पोलीस अधीक्षकांच्या हाताखाली असते. खर्च राज्याच्या गृह विभागाच्या बजेटमधून होतो. त्यासाठी दरवर्षी विधिमंडळात मागणी मंजूर होते. सरकारी हिशेबात पोलीस खर्चाचं मुख्य लेखाशीर्ष २०५५ आहे. पण जिल्ह्याला येणारा बहुतेक पैसा पगारात आणि बंदोबस्तात जातो.

लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, म्हणजे एसीबी : १९५७ मध्ये स्थापन झालेला हा विभागही राज्याच्या गृह विभागाखाली येतो. बीडचं पथक छत्रपती संभाजीनगर परिक्षेत्रात आहे. सरकारी नोकराने लाच मागितली की तक्रार इथे करायची.

ईडी, म्हणजे सक्तवसुली संचालनालय : १९५६ पासूनची ही यंत्रणा केंद्राच्या अर्थ मंत्रालयातील महसूल विभागाखाली काम करते. गुन्ह्यातून आलेला पैसा कुठे फिरवला, कशात लपवला, हे ती शोधते. यासाठीचा मनी लाँड्रिंग प्रतिबंधक कायदा २००२ चा आहे आणि १ जुलै २००५ पासून तो लागू झाला.

सीबीआय : केंद्राच्या कार्मिक मंत्रालयाखाली आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय बजेटमध्ये तिच्यासाठी सुमारे १,०७१ कोटी रुपये ठेवले होते. आता हा आकडा बीडच्या आकड्याशेजारी ठेवून बघा. अख्ख्या देशाच्या सीबीआयचा एका वर्षाचा पैसा १,०७१ कोटी आणि आपल्या एकाच संस्थेत अडकल्याचं सांगितलं जातं ते ३,७०० कोटी. म्हणजे साडेतीन पटीच्या आसपास.

एसएफआयओ, म्हणजे गंभीर फसवणूक तपास कार्यालय : २००३ मध्ये सुरू झालेलं हे कार्यालय केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाखाली आहे. पण ते कंपन्यांचे घोटाळे तपासतं. सहकारी संस्थेची फसवणूक थेट त्याच्याकडे जात नाही. मल्टीस्टेट संस्थांवर देखरेख ठेवण्याचं काम दिल्लीतल्या केंद्रीय सहकार निबंधकांचं असतं आणि ते केंद्रीय सहकार मंत्रालयाखाली येतात.

मग इतका वेळ का लागतो?

खुनाच्या केसमध्ये एक जागा, एक हत्यार आणि काही साक्षीदार असतात. आर्थिक गुन्ह्यात पुरावा हिशेबात दडलेला असतो. पन्नास शाखा, लाखो खाती, त्यातून शेकडो कंपन्यांच्या खात्यांत गेलेले पैसे. हे उलगडायला नुसता फौजदार पुरत नाही. ताळेबंद वाचणारा माणूस लागतो, फॉरेन्सिक ऑडिट लागतं, जमिनीच्या नोंदी शोधणारा महसूल कर्मचारी लागतो, संगणकातला डेटा काढणारा तज्ज्ञ लागतो.

पोलीस ठाण्यातल्या अधिकाऱ्याला मात्र आज मोर्चाचा बंदोबस्त, उद्या निवडणूक, परवा यात्रा. त्यातून वेळ मिळाला तर घोटाळ्याची फाईल. बदली झाली की नवा अधिकारी पहिल्या पानापासून वाचायला बसतो. बजेट कमी पडतं म्हणजे काय, ते असं समजतं. पैसा नसतो असं नाही, पण याच कामासाठी बांधलेली माणसं कमी पडतात.

उशीर झाला की नुकसान ठेवीदाराचंच. जप्त केलेली गाडी उन्हापावसात सडते. बंद कारखान्याची मशिनरी गंजते. जमिनीवर तिसराच माणूस हक्क सांगायला येतो. तपासावर वेळेवर खर्च झाला नाही, तर परतफेडीची रक्कमच कमी होते. दोन्ही खिसे वेगळे असले तरी एकमेकांना जोडलेले आहेत, ते असे.

जप्तीपासून वाटपापर्यंतचा रस्ता

महाराष्ट्रात ठेवीदारांसाठी १९९९ चा कायदा आहे. त्याला सगळे ‘एमपीआयडी’ म्हणतात. पैसे परत न देणाऱ्या वित्तीय संस्थेच्या जबाबदार माणसांना यात सहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण ठेवीदाराच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग मालमत्तेचा आहे. रस्ता साधारण असा :

१. पोलीस मालमत्ता शोधून प्रस्ताव पाठवतात.

२. राज्य सरकार अधिसूचना काढून मालमत्ता जप्त करतं आणि सक्षम प्राधिकारी नेमतं. हा अधिकारी उपजिल्हाधिकारी दर्जापेक्षा खालचा नसतो. जिल्ह्यात बहुतेक वेळा प्रांत साहेबांकडे हे काम येतं.

३. सक्षम प्राधिकारी ३० दिवसांत विशेष न्यायालयात अर्ज करतो.

४. कोर्ट सगळ्यांचं म्हणणं ऐकतं. हरकती येतात. बँकेचा बोजा असेल तर बँकही येते.

५. कोर्टाने जप्ती कायम केली की विक्री होते आणि रक्कम ठेवीदारांत समप्रमाणात वाटली जाते.

समप्रमाणात म्हणजे काय? समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. एकूण देणं १०० कोटी आहे आणि विक्रीतून ४० कोटीच आले. तर प्रत्येकाला रुपयामागे ४० पैसे. ज्याची ठेव २ लाख, त्याला ८० हजार. ओळख असलेल्याला पूर्ण आणि बाकीच्यांना काही नाही, असं करता येत नाही.

ईडीने टाच आणलेल्या मालमत्तेचा रस्ता वेगळा आहे. तात्पुरती टाच १८० दिवसांची असते. तेवढ्या मुदतीत दिल्लीतल्या न्यायनिर्णय प्राधिकरणाने ती कायम करावी लागते. नंतर विशेष न्यायालय खऱ्या हक्कदारांना मालमत्ता परत देऊ शकतं. त्यासाठी निकालापर्यंत थांबायलाच हवं असं नाही, खटला चालू असतानाही ते होऊ शकतं.

तिसरा रस्ता अवसायकाचा. केंद्रीय निबंधकांनी संस्था गुंडाळायचा आदेश दिला की अवसायक संस्थेची मालमत्ता ताब्यात घेऊन देणी भागवतो. त्याच्या कामाचा खर्च मात्र संस्थेच्या मालमत्तेतूनच होतो. म्हणून अवसायकाचं काम जितकं लांबेल, तितकी ती मालमत्ता खर्चात झिजते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १०७ आहे. गुन्ह्यातून मिळवलेली मालमत्ता जप्त करून ती बाधित लोकांत वाटायचा आदेश कोर्ट जिल्हाधिकाऱ्यांना देऊ शकतं. त्यासाठी ६० दिवसांची मुदत ठेवली आहे. हे कलम वकिलाला विचारून घ्या.

पैसे खरंच परत मिळतात का?

मिळतात, पण सगळ्यांना सारखे मिळतात असं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी लोकसभेत सांगितलं की ईडीने सुमारे २२,२८० कोटींच्या मालमत्ता हक्कदारांना परत मिळवून दिल्या. पण त्यातले १४,१३१ कोटी विजय मल्ल्या प्रकरणातले होते आणि ते सरकारी बँकांना मिळाले. बँकेकडे वकिलांची फौज असते, कागद तयार असतात. नेकनूरच्या ठेवीदाराकडे एक पासबुक आणि दोन पावत्या असतात. म्हणून कागद सांभाळणं हेच त्याचं बळ.

सहाराचं उदाहरण आपल्या जास्त जवळचं आहे, कारण तिथेही सहकारी संस्थाच होत्या. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहारा-सेबी खात्यातले ५,००० कोटी रुपये केंद्रीय निबंधकांकडे द्यायला सांगितले. जुलै २०२३ मध्ये परतफेडीचं पोर्टल सुरू झालं. सुरुवातीला एका माणसाला जास्तीत जास्त १० हजार मिळत होते, पुढे ही मर्यादा ५० हजार केली. हे पैसे सरकारने खिशातून दिले नाहीत, सहाराचेच आधी जमा करून घेतलेले होते. पैसा आधीच कोर्टाच्या ताब्यात होता म्हणून वाटायला सापडला.

ब्रिटनमध्ये काय करतात?

ब्रिटनमध्ये मोठ्या घोटाळ्यांसाठी १९८८ पासून वेगळं कार्यालय आहे. तिथे वकील, हिशेबनीस आणि तपास अधिकारी एकाच पथकात बसतात. त्यांना दरवर्षी ठरलेलं बजेट मिळतं आणि फार मोठी केस आली तर अर्थखात्याकडून जादा पैसे मागता येतात. यावर तिथे बराच वाद झाला. जादा पैसे मागायला सरकारकडेच जावं लागत असेल, तर सरकारला नको असलेली केस अडणार नाही का, असं लोकांनी विचारलं. शेवटी २०१८ मध्ये मूळ बजेटच वाढवलं.

तिथे आणखी एक पद्धत आहे. गुन्हेगारांकडून वसूल झालेल्या पैशाचा सुमारे अर्धा भाग तपास, खटला आणि वसुली करणाऱ्या यंत्रणांना परत मिळतो. आपल्याकडे ईडीने जप्त केलेली मालमत्ता ईडीची होत नाही. शेवटी सरकारजमा होते किंवा हक्कदाराला जाते. दोन्ही पद्धतींना दोन बाजू आहेत. वाटा मिळाला तर यंत्रणेला हुरूप येतो, पण जिथे वसुली मोठी तिथेच लक्ष जाण्याची भीतीही राहते. ठेवीदाराच्या दृष्टीने आपली पद्धत बरी, कारण वसुलीत तपास यंत्रणेचा हिस्सा नाही.

तपास करणाराच हात पुढे करतो तेव्हा

हे बीडला शिकवायला नको. मे २०२४ मध्ये जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेच्याच एका पोलीस निरीक्षकावर एसीबीने कारवाई केली. जिजाऊ माँसाहेब मल्टीस्टेट प्रकरणात आरोपी न करण्यासाठी एक कोटीची लाच मागितल्याचा आणि तडजोडीअंती ३० लाख ठरल्याचा आरोप होता. पहिला हप्ता म्हणून ५ लाख घेताना एका खासगी माणसाला पकडलं. घराच्या झडतीत एक कोटी आठ लाखांच्या आसपास रोकड आणि सोनं-चांदी सापडल्याचं एसीबीने सांगितलं. हेही प्रकरण आरोपाच्या पातळीवरचं आहे.

यातून एक गोष्ट समजून घ्या. नुसता पैसा ओतून तपास सुधारत नाही. तपास करणाऱ्यावर लक्ष ठेवणारी दुसरी यंत्रणा वेगळी आणि मजबूत लागते. पोलीस आणि एसीबी दोन्ही गृह विभागाखाली असले, तरी एसीबीची चौकी, माणसं आणि तक्रारीची वाट वेगळी आहे. म्हणूनच हा सापळा लागू शकला.

कुणी पैसे मागितले तर

– एसीबीचा टोल फ्री नंबर १०६४. तक्रार मोफत आहे.

– लाच देण्याच्या आधीच एसीबीला कळवा. सापळ्यासाठी दिलेली रक्कम गुन्हा ठरत नाही. ही रक्कम पुरावा म्हणून जप्त होते. ती परत मिळण्याबाबत तक्रार देतानाच अधिकाऱ्यांना विचारा.

– २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा आहे. पण जबरदस्तीने द्यावी लागली असेल आणि सात दिवसांत कळवलं, तर देणाऱ्याला संरक्षण आहे. आठव्या दिवसाची वाट बघू नका.

– ‘ईडीतून बोलतोय, तुमची ठेव मंजूर झाली, प्रोसेसिंग फी पाठवा’ असा फोन आला तर तो फसवणुकीचा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर फोन करा.

ठेवीदाराने करायच्या गोष्टी

१. मूळ पावती, पासबुक आणि बाँड कुणाच्याही हातात देऊ नका. झेरॉक्स द्या आणि दिल्याची पोच घ्या.

२. शाई उडायच्या आत सगळ्या पावत्यांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

३. अजून फिर्याद किंवा जबाब दिला नसेल तर नेकनूर पोलीस ठाण्यात किंवा बीडच्या आर्थिक गुन्हे शाखेत चौकशी करा. तुम्ही फिर्यादी असाल तर एफआयआरची प्रत फुकट मिळते.

४. ठेवीदार वारला असेल तर वारसाची कागदपत्रं आत्ताच तयार करा. वाटपाच्या वेळी इथेच जास्त अडकतं.

५. सक्षम प्राधिकारी, ईडी किंवा अवसायक यांच्यापैकी कुणाचीही जाहीर सूचना निघाली की मुदतीत दावा दाखल करा. एकाकडे दावा दिला म्हणजे सगळीकडे पोचला, असं धरू नका.

६. नव्या संहितेत तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायची तरतूद आहे. कळवलं नाही तर लेखी अर्ज करून मागा.

माहिती अधिकारात काय विचारायचं?

‘माझ्या केसचं काय झालं’ असं विचारलं की ‘तपास सुरू आहे, माहिती देता येत नाही’ असं उत्तर येतं. ईडी आणि सीबीआय तर या कायद्यातून बऱ्याच अंशी वगळलेल्या आहेत. म्हणून प्रश्न तपासाचा विचारू नका, खर्चाचा आणि माणसांचा विचारा. पोलीस अधीक्षक कार्यालयाला असं विचारता येईल :

– आर्थिक गुन्हे शाखेत मंजूर पदं किती, भरलेली किती, रिकामी किती?

– गेल्या तीन वर्षांत फॉरेन्सिक ऑडिटसाठी किती निधी मागितला, किती मिळाला, किती खर्च झाला?

– एमपीआयडी खाली मालमत्ता जप्तीचे किती प्रस्ताव सरकारकडे पाठवले आणि कोणत्या तारखांना?

जिल्हाधिकारी कार्यालयाला विचारा : सक्षम प्राधिकाऱ्याकडे या कामासाठी किती कर्मचारी दिले आहेत, आणि कोर्टात किती अर्ज केले?

अर्जाला १० रुपये फी आहे, दारिद्र्यरेषेखालच्यांना ती माफ आहे. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. आलेलं उत्तर घेऊन आमदार, खासदारांकडे जा. ‘आमचे पैसे मिळवून द्या’ या निवेदनावर फोटो निघतो आणि विषय संपतो. ‘शाखेत इतकी पदं रिकामी आहेत, अधिवेशनात विचारा’ असं आकड्यासह सांगितलं, तर त्यांना उत्तर द्यावं लागतं. बजेट मंजूर करताना हात वर करणारे तेच आहेत.

थोडक्यात : तपासाचा खर्च सरकारचा, त्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका. परतफेड जप्त मालमत्तेतून, म्हणून उशीर झाला की तुमचाच वाटा कमी होतो. लाच मागितली तर १०६४. कागद जपा, मुदतीत दावा करा, आणि तपासाला माणसं किती दिली ते लेखी विचारा.